गुरुजींचा नंबर

वेणीमाधव गुरुजींनी सेफ्टी पिन उघडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोनच्या कडेला असलेल्या बारीक भोकात ती टोकाकडून आत घातली. फोनने हूं की चूं केलं नाही. त्यांनी आणखी जोर लावला. आत काहीतरी कट्‌कन वाजलं, पण पडद्यावरची अक्षरं जागची हलली नाहीत. तिथे अजूनही स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं, 'सिम पिन टाका.'

"टाकली की," गुरुजी फोनला म्हणाले. "आता अजून किती आत टाकू?"

पिन इंदिराबाईंच्या बांगडीतली होती. मघाशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसतं 'पिन दे' म्हणाले, तेव्हा उपरण्याला लावायची असेल असं समजून त्यांनी ती काढून दिली होती. आता फोनशी चाललेला संवाद कानावर आल्यावर त्या हात पुसत बाहेर आल्या. गुरुजींच्या खांद्यावरून त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग भोकात उभ्या असलेल्या पिनेकडे पाहिलं.

"अहो, ही पिन नव्हे. आकड्यांची पिन मागतोय तो."

"मग तसं लिहावं. अंक टाका म्हणावं. पिन टाका म्हटलं की माणूस पिनच टाकणार."

इंदिराबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर गुरुजींना बरं वाटलं असतं, कारण मग रागावता आलं असतं. त्यांनी पिन ओढून काढली. तिचं टोक वाकलेलं होतं. सिमचा तो चिमुकला खण केसभर बाहेर येऊन तिरपा अडकला होता, आतलं कार्ड मात्र अजून जागेवर होतं. तो ना पुढे सरकेना ना मागे.

या सगळ्याला कारण आदल्या संध्याकाळचं अपडेट होतं. निदान गुरुजींच्या लेखी तरी तेच होतं. संध्या आटोपून ते उठले, तेव्हा फोनवर सूचना आली होती की नवीन आवृत्ती आली आहे, स्थापित करायची का. मुलाने, आल्हादने, फोन घेऊन दिला तेव्हाच गुरुजींनी तो मराठीत करून घेतला होता. त्यातला हा 'स्थापित' शब्द त्यांना भारदस्त वाटला. आयुष्य कलश आणि मूर्ती स्थापण्यात गेलेलं, त्यामुळे स्थापनेला नाही म्हणायचं त्यांच्या जिभेला वळणच नव्हतं. त्यांनी 'होय' दाबलं. फोन काळा झाला, उजळला, पुन्हा काळा झाला, आणि सकाळी उठून पाहतात तर ही पिनेची मागणी.

आकडे त्यांनी स्वतःच ठेवले होते, हेही खरं. मागे एकदा फोन निमाणी बसस्टँडच्या रिक्षात राहिला होता. रिक्षावाला भला निघाला म्हणून तो परत आला. तेव्हा आल्हादने बंगळुरूहून सांगून सिमला कुलूप घालायला लावलं. आकडे कुणाला सांगू नका म्हणाला, तर गुरुजींनी ते इंदिराबाईंनाही सांगितले नाहीत. त्यानंतर फोन कधी पुरता बंदच झाला नाही, त्यामुळे ते आकडे कुणी विचारले नाहीत, आणि न विचारलेली गोष्ट हळूहळू कुठे निघून गेली ते गुरुजींना कळलं नाही.

ते खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. स्वतःचं जन्मसाल टाकून पाहिलं. लग्नाचं साल टाकलं. मग आल्हादचं. फोनने दर वेळी नम्रपणे नकार दिला आणि तिसऱ्या नकारानंतर पिन मागायचंही सोडून दिलं. आता तो पीयूके नावाचं काहीतरी मागू लागला. हे काय असतं ते गुरुजींना ठाऊक नव्हतं, पण आकड्यांसाठी जागा दिसत होती. हट्टाला पेटलेल्या माणसाला तेवढी जागा पुरते. फोन मधून मधून बजावत होता की आता थोड्याच संधी उरल्या आहेत. गुरुजींनी सगळ्या वापरल्या. शेवटी पडद्यावर 'सिम अवैध' असं आलं. हा शब्द मात्र त्यांना झोंबला. वैध काय आणि अवैध काय हे सांगण्यावर ज्याचं घर चाललं, त्याला एका फोनने हे ऐकवावं!

ते बाहेर आले आणि म्हणाले, "अपडेटने सिम खाल्लं."

"आल्हादला विचारू?"

"विचार. पण मी पिन घातली ते सांगू नकोस."

इंदिराबाईंनी आपल्या फोनवरून मुलाला विचारलं. तो ऑफिसात होता. त्याने घाईघाईत सांगितलं की ते सिम तुझ्या फोनात घालून बघ, तुझ्यातही चाललं नाही तर फोनचा दोष नाही, कार्डच गेलं. इंदिराबाईंनी भुवया कोरायच्या चिमट्याने तो तिरपा खण ओढला. कार्ड निघालं, खणाचा एक कोपरा मात्र मोडून हातात आला. गुरुजींनी कार्ड धोतराच्या सोग्याला पुसलं, त्याच्यावर हलकी फुंकर घातली. इंदिराबाईंच्या फोनातही ते अवैधच निघालं.

"म्हणजे फोनचा दोष नाही," इंदिराबाई म्हणाल्या.

"मग कुणाचा?" गुरुजींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते चपला शोधू लागले.

त्यांची ही घाई उगाच नव्हती. तो नंबर म्हणजे त्यांचं दुकान होतं. पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानांतून त्यांच्या नावाचे कागद चिकटवलेले होते आणि त्यांवर तो नंबर होता. ओझरच्या कारखान्यातले साहेब लोक, चांदवडकडचे कांदेवाले, गंगापूर रोडवर नवे फ्लॅट घेणारे, सगळ्यांच्या फोनात तो 'गुरुजी' या एकाच नावाने होता. इंदिराबाईंचा नंबर आल्हाद आणि माहेरची माणसं यांच्यापुरता. घरातसुद्धा गुरुजींचा फोन आणि दुसरा फोन, असे दोन फोन होते.

आणि आज मंगळवार होता. मंगळवारी सायखेड्याहून फोन यायचा होता.

सायखेड्याचं सावळीरामांचं घर गुरुजींकडे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. गोदावरीच्या काठी त्यांची झेंडूची आणि भाजीपाल्याची शेती. सावळीराम आता नव्हते. थोरला समाधान कारभार बघत होता. त्याने मळ्यात नवं घर बांधलं होतं. परवा फुलं घेऊन तो बाजारात आला, तेव्हा भेटला आणि म्हणाला होता, "मंगळवारी फोन करतो गुरुजी, वास्तुशांतीचं ठरवू." तसं बोलताना त्याने नजर का वळवली, हे कोडं गुरुजींना तेव्हापासून छळत होतं. पण खरं सांगायचं तर ते कोडं नव्हतंच. त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं.

दिवाळीनंतर समाधानच्या धाकट्या भावाचं, साईचं, लग्न झालं. लावायला गुरुजीच होते. पूजेची मांडणी करून द्यायला इंदिराबाई सोबत गेल्या होत्या. गुरुजींचे गुडघे धरायला लागल्यापासून त्या जात असत. सप्तपदी चालू होती. चार पावलं झाली आणि पाचव्याला गुरुजींच्या तोंडून पुन्हा चौथ्याचाच मंत्र गेला. नवरा-नवरीने बिचाऱ्यांनी चौथं पाऊल पुन्हा टाकलं. गुरुजींना चूक कळली, पण पुढचं काही सुचेना. त्या जागी नुसती मोकळी भिंत होती. इतकी वर्षं जिथे बोट न लावता दिवा लागायचा, तिथे अंधार. तेवढ्यात मागून, अक्षतांचं तबक सारखं करता करता, इंदिराबाई एकच शब्द पुटपुटल्या, "प्रजाभ्यः." शब्द मिळाला तशी गाडी सुटली आणि सातव्या पावलापर्यंत सुरळीत गेली. वाजंत्री वाजली, पंगती बसल्या. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही, असं गुरुजींनी धरून चाललं होतं.

त्या शब्दाबद्दल नवरा-बायकोत नंतर चकार शब्द निघाला नव्हता. गुरुजींनी आभार मानले नाहीत, इंदिराबाईंनी आठवण काढली नाही. उलट त्या दुपारच्या वेळी ज्या बायकांच्या पौरोहित्य वर्गाला जात, त्याला गुरुजी 'तुमची भिशी' म्हणत. लग्नानंतर ते जरा जास्तच वेळा भिशी म्हणू लागले. हौस म्हणून बाईमाणसाने कॉलनीत सत्यनारायण सांगावा, हरतालिका सांगावी, याला त्यांची ना नव्हती. ते पौरोहित्य नव्हे एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा सायखेड्याहून फोन येतो की नाही, ही त्यांची खरी धास्ती होती. फोन आला नाही तर त्याचा अर्थ सरळ होता. सिम बंद पडलं आणि त्या धास्तीला एक पळवाट मिळाली. फोन आला असेल, लागला नसेल. रिक्षात बसल्या बसल्या गुरुजींच्या मनात आलं की हे सिम दोन-चार दिवस असंच राहिलं तर काय बिघडणार आहे. मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी रिक्षावाल्याला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

पंचवटी कारंजाजवळच्या कंपनीच्या दुकानात काउंटरमागे एक मुलगी होती. गळ्यातल्या पट्ट्यावर छाया असं नाव होतं. तिने कार्ड हातात घेतलं, नंबर विचारून संगणकावर टाकला.

"पीयूके ब्लॉक झालंय काका. तुम्ही खूप वेळा चुकीचा टाकलात का?"

"अपडेटमुळे झालं ते."

"अपडेटने फोन रीस्टार्ट होतो, म्हणून पिन विचारतो. बाकी अपडेटचं काही नाही." ती हे रोज कितीदा सांगत असेल कोण जाणे, तिच्या आवाजात ना कंटाळा होता ना आस्था. "नवीन सिम देते, नंबर तोच राहील. आधार कार्ड आणलंय?"

गुरुजींनी ऐटीत आधार कार्ड पुढे केलं. मुलीने ते पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

"हा नंबर तुमच्या नावावर नाही."

"काहीतरीच काय! वीस वर्षं वापरतोय मी तो. अख्खं नाशिक ओळखतं."

"इंदिरा वेणीमाधव. या कोण?"

गुरुजींनी आधार कार्ड मागे घेतलं. दुकानात पंखा फिरत होता. शेजारच्या काउंटरवर एक माणूस रिंगटोन कशी बंद करायची ते विचारत होता.

"घरच्याच आहेत," गुरुजी शेवटी म्हणाले.

"मग त्यांनाच यावं लागेल. अंगठा लागेल त्यांचा."

अंगठा म्हटल्याबरोबर सगळं लख्ख आठवलं. चार आकडे गेले ते गेले, हे मात्र जसंच्या तसं होतं. काही वर्षांपूर्वी सगळ्यांचे नंबर आधारला जोडायचा हुकूम निघाला होता, तेव्हा दोघं अशाच एका दुकानात आली होती. तिथल्या माणसाने छोटं यंत्र पुढे सरकवून सांगितलं की गुरुजी, यावर अंगठा ठेवा. गुरुजी ताठ झाले होते. अख्खी संहिता ज्याला मुखोद्गत, त्याने अंगठा लावायचा? अंगठा लावतात ते निरक्षर. "सही घ्या," ते म्हणाले होते. "मोडीत हवी तर मोडीत करतो." माणूस म्हणाला, यंत्राला सही कळत नाही. मागे रांग वाढत होती. इंदिराबाईंनी मग आपला अंगठा त्या काचेवर ठेवला आणि काम झालं. घरी येताना गुरुजी म्हणाले होते, "तुला चालतं, मला नाही चालत." त्या म्हणाल्या होत्या, "हो."

आता तेच तोंड घेऊन घरी जायचं होतं.

ते चालत निघाले. तसं अंतर बरंच होतं आणि गुडघे कुरकुरत होते, पण रिक्षा केली असती तर लवकर पोचले असते. वाटेत दोघांनी नमस्कार केला. एकाने थांबवून विचारलं, "गुरुजी, फोन बंद लागतोय तुमचा?" गुरुजी म्हणाले, अपडेट. त्यानेही समजल्यासारखी मान हलवली.

घरी इंदिराबाई पानं घेत होत्या. गुरुजी पाटावर बसले आणि त्यांनी चित्राहुती घातल्या.

"मिळालं का सिम?"

"तुला यावं लागेल म्हणे."

"मला? मी कशाला?"

"तो नंबर..." गुरुजींनी वरणभात कालवला, जरा जास्तच कालवला. "तो तुझ्या नावावर आहे."

इंदिराबाईंच्या हातातली तुपाची लोटी क्षणभर तशीच राहिली. मग त्यांनी तूप वाढलं, नेहमीएवढंच. "अंगठ्याचं ना," त्या म्हणाल्या. म्हणजे त्या विसरल्या नव्हत्या. गुरुजींना वाटलं, ही आता काहीतरी बोलेल, बोलायचा तिला हक्क आहे. पण त्या ताक आणायला उठल्या.

दुपारी त्यांच्या वर्गाची वेळ होती. तो बुडवून त्या गुरुजींबरोबर आल्या. छायाने त्यांना खुर्ची दिली, गुरुजींना दिली नाही. तिथे एकच खुर्ची होती. इंदिराबाईंनी यंत्रावर अंगठा ठेवला. पहिल्यांदा तो जुळला नाही. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसट झाल्या होत्या. मुलीने ओला रुमाल दिला, बोट पुसून पुन्हा ठेवायला सांगितलं. गुरुजी मागे उभे राहून बघत होते. यंत्र अजून एकदा नाही म्हणालं, तेव्हा ते पुढे सरकून काउंटरला टेकले. नंबर जाईल, सगळं जाईल. तिसऱ्या खेपेला हिरवा दिवा लागला.

"संध्याकाळपर्यंत चालू होईल. कुठल्या फोनात घालू?"

गुरुजींनी आपला फोन पुढे केला. मोडक्या खणाकडे बघून छायाने मान हलवली. "हा आधी दुरुस्तीला द्या. तोवर मॅडमच्या फोनात घालते, दुसरी जागा मोकळी आहे. पिन ठेवायची का सिमला?"

"नको," दोघंही एकदमच म्हणाली.

संध्याकाळी खिडकीशी टेबलावर इंदिराबाईंचा फोन ठेवलेला होता. इंदिराबाई वर्तमानपत्रावर मेथी निवडत बसल्या होत्या. गुरुजी समोरच्या खुर्चीत होते. त्यांच्या हातात पंचांग होतं, पण बराच वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं. आपल्या नंबरावर आलेला फोन बायकोच्या फोनवर घ्यायचा, हे त्यांना कसंसंच वाटत होतं. परक्याच्या घरी जाऊन दार उघडण्यासारखं.

दिवेलागणीच्या सुमाराला पडद्यावर कोपऱ्यात बारीक रेघा उमटल्या. मग टुणटुण करून संदेश येत राहिले. कंपनीचं स्वागत, कुठल्याशा कर्जाची लालूच, नव्या नंबराबद्दल अभिनंदन. "नवा कसला?" गुरुजी पुटपुटले.

पहिला फोन गंगापूर रोडवरून आला. सविता नावाच्या कुणी बाईंना मुंजीचा मुहूर्त हवा होता. गुरुजींनी पंचांग उघडून ठणठणीत आवाजात तिथी सांगितली, ग्रहबळ सांगितलं, फोन ठेवला. त्यांचे खांदे जरा सैल झाले. सगळं जागच्या जागी होतं तर.

मग तो पुन्हा वाजला. इंदिराबाईंच्या फोनात नंबर साठवलेला नव्हता, नाव दिसत नव्हतं, तरी शेवटचे आकडे गुरुजींनी ओळखले.

"हॅलो, गुरुजी हायेत का?"

"बोलतोय."

"समाधान बोलतोय, सायखेड्याहून. सकाळधरनं लावतोय गुरुजी, लागनाच फोन. मला वाटलं, नाराज झाले का काय."

"छे रे! अपडेट झालं होतं." आला होता. सकाळपासून फोन येत होता. गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी डोळे मिटून घेतले. "बोल, कधी धरायची वास्तुशांत? पुढच्या आठवड्यात दिवस चांगला आहे बघ."

"त्याच्यासाठीच लावला. तुम्ही म्हणाल तो दिवस. फक्त..." मागे कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती. "राग नका मानू गुरुजी. आईचं म्हणणं हाय, ह्या टायमाला पूजा काकूंनी सांगावी."

"काकूंनी?"

"व्हय. तुम्ही बी यायचंच, तुमच्याबिगर नाय व्हणार. मानाचा पाट तुमचाच. पण सांगायचं काकूंनी. आई म्हणती, गुरुजींनी लय केलं आपल्यासाठी, आता त्यांना तरास नको. साईच्या लग्नात काकूंनी मागून सांगितलं ना, आई जवळच व्हती, तिनं ऐकलं. तवाच म्हणली ती, बाईला समदं येतंय. हॅलो? गुरुजी?"

गुरुजींनी तोंड उघडलं. तेवढ्यात आवाज तुटला. समाधान एकदोनदा हॅलो म्हणाला, मग काहीच नाही. कोपऱ्यातल्या रेघा नाहीशा झाल्या होत्या.

"गेलं वाटतं नेटवर्क," इंदिराबाई मान वर न करता म्हणाल्या. "नवं सिम आहे. येईल परत. कोण होतं?"

"समाधान."

"काय म्हणतोय? ठरली का वास्तुशांत?"

गुरुजींनी फोन टेबलावर पालथा ठेवला. समाधानचं बोलणं त्यांच्या एकट्याच्या कानात गेलं होतं. तो पुन्हा फोन करील, तेव्हा सांगता येईल की काकूंना बरं नाही, की वास्तुशांत म्हणजे सत्यनारायण नव्हे, की तुझ्या आईला, नवसाबाईंना, म्हणावं, असं चालत नाही शास्त्रात. तसं शास्त्र कुठे आहे ते कुणी विचारणार नव्हतं. समाधान गुरुजींच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. आणि इंदिराला कळणार नव्हतं, आपल्याला बोलावलं होतं म्हणून. हे सगळं इतकं सोपं होतं की गुरुजींना त्याची भीती वाटली.

आणि वास्तुशांत लांबलचक. त्यात कुठे मोकळी भिंत आली तर?

इंदिराबाई मेथीच्या काड्या बाजूला करत होत्या. उजवा अंगठा पानांनी हिरवा झाला होता. गुरुजी बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"साईच्या लग्नात तू मागून बोललीस ना," ते म्हणाले, "ते नवसाबाईंनी ऐकलं म्हणे."

निवडणारे हात थांबले. इंदिराबाईंचा चेहरा एकदम कसानुसा झाला, चोरी पकडली गेल्यासारखा.

"मी हळू बोलले होते हो."

"हळूच बोललीस." गुरुजींनी पंचांग मिटलं. "आणि बोललीस म्हणून बरं. नाहीतर ती पोरं अजून चौथ्या पावलावरच उभी असती."

इंदिराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हसावं की नाही ते त्यांना ठरवता येईना. खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. गुरुजींनी फोन उचलून सुलटा केला आणि तो हातातच धरून बसले. रेघा एक एक करून परत आल्या.

फोन वाजला. तेच शेवटचे आकडे. गुरुजींनी घसा खाकरला, बटण दाबलं.

"हां, हॅलो, कट झाला व्हता. गुरुजी ना?"

"थांब हं," वेणीमाधव म्हणाले. "गुरुजींना देतो."

त्यांनी फोन टेबलावरून पुढे केला. इंदिराबाई नुसत्याच बघत राहिल्या. हात पुढे केलेला तसाच होता, मागे जात नव्हता. फोनातून समाधान हॅलो, हॅलो करत होता. इंदिराबाईंनी हिरवा अंगठा पदराला पुसला, फोन घेतला, कानाला लावला.

"बोलतेय."